जखमेतले कोंब ओळखणाऱ्या कौसल्याताई

कौसल्याताई खरात माझ्याशी पहिले वाक्य बोलल्या, त्याच्या क्षणभर आधी त्यांनी माझे मनगट धरले होते.

जालना जिल्हा नव्याने वेगळा झाला, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शस्त्रक्रियेची पदवी घेऊन मी कुंभार पिंपळगावच्या दवाखान्यात रुजू व्हायला घनसावंगीहून जीपने आलो. दवाखाना एका लहानशा विश्वस्त मंडळाचा, पंधरा खाटांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी घेताना मांडी भाजलेल्या एका बाईची पट्टी जखमेला घट्ट चिकटलेली दिसली. शहरातल्या वॉर्डात आम्ही जे करायचो तेच करायला मी निघालो. पट्टीचे टोक पकडले आणि आता ओढणार, तोच शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने माझे मनगट पकडले.

“साहेब, वाळलेली पट्टी वढू न्हाई,” त्या म्हणाल्या. “कोंब येतात तिच्यासंगं.”

मला राग आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. सगळा वॉर्ड पाहत होता. पण ताईंनी तोवर कोमट मिठाचे पाणी आणले होते आणि त्या ते पट्टीवर थेंबथेंब सोडत बसल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी आपण होऊन सुटली. खाली ओल्या लाल जखमेवर मोहरीएवढे फिकट गुलाबी ठिपके होते. ताईंनी मला वाकून पाहायला लावले. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक बारीक केस होता, नाहीतर केसाचे छिद्र.

“जिथं केस, तिथं कोंब,” त्या म्हणाल्या. “आठ-धा दिसांत हे एकमेकांला भिडतेत. भिडले की जखम मिटली.”

भाजलेल्या कातडीचा वरचा थर केसांच्या मुळांपासून पुन्हा वाढतो, हे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते आणि त्याला गुणही मिळवले होते. डोळ्यांनी मात्र ते त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले. दाखवणाऱ्या बाईंनी ते पुस्तक कधी उघडलेले नव्हते. बारा-तेरा वर्षे रोज सकाळी जखमांकडे नीट पाहून त्यांनी ते शोधले होते.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात अनेकजण त्यांच्या सेवाभावाविषयी लिहितील. मी त्यांच्या पाहण्याविषयी लिहिणार आहे, कारण माझे शिक्षण खऱ्या अर्थाने त्यातून झाले.

ताई याच गावच्या. वडील दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जात. ताई लहान असताना घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वडिलांनी त्यानंतर घरात एकच कायदा केला, की पोरगी शाळा चुकवणार नाही. सुगीच्या दिवसांत कापूस वेचायला हात कमी पडत, तेव्हाही हा कायदा मोडला गेला नाही. सातवी झाल्यावर ताई औरंगाबादला परिचारिकेच्या शिक्षणासाठी गेल्या आणि परत येऊन याच दवाखान्यात लागल्या. मी आलो तेव्हा ड्रेसिंगची खोली संपूर्ण त्यांच्या ताब्यात होती. तिथे डॉक्टरांनीही चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

त्या खोलीतल्या कपाटात एक पत्र्याची पेटी होती. जुन्या एक्स-रे फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन ताई त्या काचेसारख्या पारदर्शक करत. मग ती फिल्म स्वच्छ पुसून जखमेवर अलगद धरायची आणि जखमेची कड पेनाने गिरवायची. आतले कोंब टिंबांनी दाखवायचे. कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि तारीख. दर आठवड्याला एक फिल्म. एकावर एक ठेवून उजेडात धरल्या की जखम कुठून मिटत आली आणि कुठे अडली, ते लहान मुलालाही कळावे. “हे तुम्हांला कुणी शिकवलं?” असे मी विचारले होते. ताई म्हणाल्या, “कुणी न्हाई. आज जखम केवढी हाय ते उद्या ध्यानात ऱ्हात न्हाई म्हून सुरू केलं.”

त्या कोंबांचा खरा अर्थ मला समजला तो रुक्मिणबाईंच्या वेळी.

मला तिथे येऊन चार-पाच वर्षे झाली होती. गोदाकाठच्या एका वस्तीवर गुऱ्हाळ चालू होते. रस आटवायची मोठी कढई, काहील, उतरवताना तोल गेला आणि उकळता रस रुक्मिणबाईंच्या पोटावर, दोन्ही मांड्यांवर आणि पायांवर सांडला. वय जेमतेम बावीस-तेवीस. उसाचा आटलेला रस पाण्यासारखा वाहून जात नाही. तो चिकटतो आणि खोलवर भाजत राहतो. बैलगाडीत ओल्या गोधडीत गुंडाळून त्यांना आणले, तेव्हा औरंगाबादपर्यंतचा प्रवास त्यांना झेपेल अशी स्थिती नव्हती. आम्ही जे होते त्यावर सुरुवात केली. सलाईन, औषधे आणि ताईंचे ड्रेसिंग.

पहिले दोन आठवडे त्या तगल्या. पण खोल भाजलेल्या भागात केसांची मुळेच जळून गेली होती आणि तिथे एकही कोंब दिसत नव्हता. अशा जखमेवर दुसरीकडची पातळ कातडी काढून लावावी लागते. आम्ही पाठीवरची घेतली, दंडावरची घेतली. ती रुजली, पण पुरली नाही. जिथून कातडी काढली त्या जागा भरून यायला अडीच-तीन आठवडे लागणार होते आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. उघड्या जखमांतून अंगातला पाझर जात होता, ताप चढत होता. मी ताईंना म्हणालो, “आता कातडी घ्यायला जागाच उरली नाही.”

ताई पट्ट्या गुंडाळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, “डोक्याची का न्हाई घेत?”

“डोक्याची?” मी विचारले.

“भांडणात कुऱ्हाडीचा दांडा बसून डोस्की फुटलेली माणसं येतेत ना आपल्याकडं? कातडं सोललेलं असतं. पायाची जखम महिना घेती, डोस्क्याची हप्त्यात मिटती. केसांचं रानच हाय ते.”

डोक्याची कातडी घेता येते, हे मीही कुठेतरी वाचले होते. पण ते माझ्या मनात आले नव्हते, कारण रुक्मिणबाई सवाष्ण होत्या आणि डोके भादरावे लागणार होते.

ते सांगायला मी बाहेर गेलो आणि अपेक्षेप्रमाणे झाले. नवरा अंकुश मान खाली घालून उभा राहिला. सासू गोदाबाई ताडकन उठल्या. “नवरा जिता असताना सुनेचं डोस्कं भादरू? गावात तोंड कसं दावू मी? असला इलाज मला बिलकुल नगं.” मी पुस्तकी भाषेत समजावू लागलो, तेवढ्या त्या अधिकच दूर सरकल्या. माझा आवाज चढायला लागला, तेव्हा ताईंनी मला डोळ्यांनीच गप्प केले.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. ताईंनी ती कधीच बोलून दाखवली नाही, पण मी पाहिली होती. गोदाबाई आल्यापासून आपला तांब्या वेगळा ठेवत होत्या. ताईंच्या हातचे पाणी त्या घेत नव्हत्या. सुनेच्या जखमा त्याच हातांनी रोज दोन-दोन तास धुतल्या जात होत्या, त्याला त्यांची हरकत नव्हती. मी एकदा चिडून यावर बोललो होतो, तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, “साहेब, तिची सून जगू द्या आधी. बाकीचं मी आयुष्यभर बघून राह्यले.”

त्या दुपारी ताई गोदाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. “डोस्कं तिचं हाय. तिला इचारलं का कुणी?”

कुणीच विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

आम्ही सगळे रुक्मिणबाईंच्या खाटेजवळ गेलो. ताईंनी पाठीवरची पट्टी भिजवून सोडवली आणि गोदाबाईंना जवळ बोलावून ते गुलाबी ठिपके दाखवले. “हे बघा आत्याबाई, केसापाशी कसं उगवून राह्यलं. पाठीवर केस विरळ, म्हून उशीर. डोस्क्यावर दाट. तिथं जल्दी येतंय. आन् केस मुळासकट जात न्हाईत, वरलं पापुद्र्यावानी तेवढं काढतेत.” मग त्या रुक्मिणबाईंकडे वळल्या आणि तेच सगळे त्यांना पुन्हा सांगितले. काही लपवले नाही. दुखेल हे सांगितले. एकदा घेऊन भागणार नाही, दोन-तीनदा घ्यावे लागेल, हेही सांगितले.

रुक्मिणबाईंना बोलायलाही कष्ट पडत होते. त्या सासूकडे पाहून म्हणाल्या, “आत्या, केस परत येतेल. मी गेले तर येणार न्हाई.”

गोदाबाई थोडा वेळ खाटेचा गज धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून फणी काढली, सुनेच्या उशाशी बसल्या आणि तिचे केस विंचरू लागल्या. गुंता सोडवून वेणी घातली. वेणी घालून झाल्यावर ताईंना म्हणाल्या, “न्हाव्याला नगं बोलवू. तूच कर.”

ताईंनी स्वतः वस्तरा चालवला. गोदाबाई बाजूला पदर धरून उभ्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

डोक्याची ती जागा आठव्या दिवशी भरून आली. आम्ही त्याच जागेवरून पुन्हा कातडी घेतली, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळच्या कातडीने शेवटची मांडी झाकली गेली. ताप उतरला. रुक्मिणबाईंनी भाकरी मागितली. भाजल्याला अडीच महिने झाले होते, तेव्हा त्या ताईंच्या खांद्यावर हात ठेवून खाटेवरून उतरल्या आणि दारापर्यंत चालत गेल्या. घरी गेल्या त्या दिवशी डोक्यावर बोटाच्या पेराएवढे काळेभोर केस होते. डावा गुडघा आजही त्यांना पूर्ण वाकवता येत नाही. पण पुढे त्यांना दोन मुले झाली आणि धाकटीच्या बारशाला ताईंना घरातून बोलावणे आले. गोदाबाईंचा तांब्या एका दिवसात बदलला असे मी म्हणणार नाही. एवढे मात्र सांगतो, काही वर्षांनी चुलीवर स्वतःचा हात भाजला तेव्हा त्या दवाखान्यात आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, “तुम्ही ऱ्हाऊ द्या. कौसल्या कुठं हाय?”

रुक्मिणबाई वाचल्या, सगळ्याच वाचल्या नाहीत. असेच एकदा आम्ही एका भाजलेल्या माणसाला गमावले. मी खोलीत बसून राहिलो होतो, नातेवाइकांसमोर जायचे धैर्य होत नव्हते. ताई आत आल्या, तोंड धुवायला पाणी दिले आणि म्हणाल्या, “मी येते संगं. पण सांगायचं तुम्हीच.” त्यानंतर असे निरोप मी कधी दुसऱ्यावर टाकले नाहीत.

नव्वदच्या दशकात औरंगाबादच्या वैद्यकीय ग्रंथालयात एक नियतकालिक चाळताना मी जागच्या जागी थांबलो. केसाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, एक लहानसा फुगवटा असतो. तिथे काही पेशी जवळजवळ झोपल्यासारख्या असतात आणि त्यांच्यापासून नवा केस तयार होतो, हे संशोधकांना सापडले होते. कातडीला जखम झाली की याच पेशी जाग्या होऊन जखमेकडे सरकतात आणि नव्या कातडीला हातभार लावतात, असा त्यांचा कयास होता. मराठीत त्यांना मूलपेशी म्हणतात. ज्या पेशीपासून दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी घडू शकतात आणि जी स्वतःही शिल्लक राहते, ती मूलपेशी. मी तो लेख हाताने उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत ताईंना वाचून दाखवला. मला वाटले होते, त्यांना अभिमान वाटेल. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “झोपलेल्या असतेत म्हन्ता. मंग त्यांला उठवतं कोण?”

मी म्हणालो, “ते अजून नीटसं कुणाला माहीत नाही.”

“ते कळलं तर न मिटणाऱ्या जखमाबी मिटतेल,” ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. जगभरच्या मोठ्या प्रयोगशाळांत याच प्रश्नावर काम सुरू आहे, हे मला नंतर वाचताना कळत गेले.

न मिटणाऱ्या जखमा आमच्याकडे पुष्कळ येत. पिंपळगाव रेणुकाईहून, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, एक निवृत्त शिक्षक येत. आम्ही सगळे त्यांना बापूगुरुजी म्हणत. पायातल्या फुगलेल्या शिरांमुळे घोट्याच्या वर झालेली त्यांची जखम नऊ वर्षे उघडी होती. शिरांचे ऑपरेशन झाले, पट्टे बांधले, लावलेली कातडी दोनदा गळून गेली. गुरुजी वर्गात टेबलामागे पाय लपवून शिकवत असत, वासामुळे मुले मागे सरकत असत, हे त्यांनी ताईंना सांगितले होते, मला नाही.

नवे शतक नुकतेच सुरू झाले होते. ताईंच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती. त्या म्हणाल्या, “कातडी पसरून लावली की गळती. मंग पसरायची कशाला? डोस्क्याचे केस मुळासकट येकयेक करून जखमेत लावले तर? रोप लावतो तसे.”

मी औरंगाबादच्या माझ्या सरांना पत्र लिहिले. डोक्याच्या कातडीचे केसांसह बारीक तुकडे जखमेत लावण्याचे प्रयोग इतरत्र झाले असल्याचे त्यांनी कळवले आणि रुग्णाला सगळे नीट समजावून, लेखी संमती घेऊन करा, असे बजावले. संमती घेण्याचे काम अर्थातच ताईंचे होते. गुरुजींना त्यांनी अर्धा तास समजावले. लागेलच याची खात्री नाही, हे तीनदा सांगितले. गुरुजींनी टोपी काढली. मागच्या बाजूला कानापासून कानापर्यंत एक पांढरी झालर तेवढी उरली होती.

“बाई, रान तर उजाड झालंय,” ते म्हणाले. “बांधावर जेवढं हाय तेवढं घ्या.”

गुरुजींच्या डोक्याच्या मागून ज्वारीच्या दाण्याएवढे चाळीस तुकडे मी काढले. जखमेत बोटभर अंतर ठेवून ते ताईंनी चिमट्याने बसवले. वर व्हॅसलीनची जाळीदार पट्टी, मग घट्ट बांधणी आणि पाच दिवस कुणीही हात लावायचा नाही. सहाव्या दिवशी ताईंनी नेहमीप्रमाणे मिठाचे पाणी सोडत पट्टी काढली. निम्म्याहून जास्त तुकडे धरले होते. दोन आठवड्यांनी प्रत्येकाभोवती ती ओळखीची गुलाबी कडी दिसली. गंमत म्हणजे नऊ वर्षे जागची न हललेली जखमेची कडही आत सरकू लागली होती. चौदाव्या फिल्मवर ताईंना गिरवायला काही उरले नाही. गुरुजी दोन्ही पायांत मोजे घालून, बूट घालून पेढे घेऊन आले.

माझा उत्साह वाढला आणि तिथेच माझी चूक झाली.

घनसावंगीचे कासमभाई जीप चालवत. साखरेचा आजार, बिडीची सवय आणि पावलावर सहा महिने चिघळलेली जखम. “डॉक्टरसाब, क्लच दाबता येत न्हाई. गुरुजीचं केलं तेच माझं करा, जल्दी करा,” ते म्हणाले. ताईंनी पावलाला हात लावून मला बाजूला नेले. “साहेब, पाय थंड हाय. जखमेला रगत येऊन न्हाई राह्यलं. थांबा जरा.” मी म्हणालो, साखर आटोक्यात आहे, करून पाहू. मी थांबलो नाही. कासमभाईंचे सगळे तुकडे आठव्या दिवशी काळे पडले.

त्याच सुमारास जालन्याला डॉक्टरांच्या एका बैठकीत मला या कामाविषयी बोलायचे होते. मी बापूगुरुजींच्या आणि आणखी दोन बऱ्या झालेल्या रुग्णांच्या फिल्म निवडल्या. ताईंनी पेटीतून कासमभाईंच्या फिल्म काढून वर ठेवल्या.

“या नकोत,” मी म्हणालो. “ती केस वेगळी होती.”

“मिटली ती जखम तुमची आन् न मिटली ती कासमभाईची व्हय?” ताई म्हणाल्या. “अर्धंच सांगायचं असंल तर माझं नाव घेऊ नका तिथं.”

आम्ही एकत्र काम केलेल्या सगळ्या वर्षांत त्या माझ्याशी इतक्या कठोरपणे एकदाच बोलल्या. मी रात्रभर धुसफुसलो वगैरे काही नाही. मला तिथल्या तिथे लाज वाटली, एवढेच.

जालन्याला मी सगळे सांगितले. गुरुजींची जखम मिटली हे सांगितले. ती केवळ मूलपेशींमुळे मिटली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, घट्ट बांधणीचाही त्यात वाटा असेल, हे सांगितले. मग कासमभाईंच्या फिल्म दाखवल्या आणि म्हणालो, “आमच्या सिस्टरांनी पाय थंड असल्याचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.” सभागृहात मागच्या रांगेत रक्तवाहिन्यांचे एक शल्यचिकित्सक बसले होते. बैठक संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “त्या पेशंटला माझ्याकडे पाठवा.”

कासमभाईंच्या मांडीतली धमनी तुंबलेली होती. त्या शल्यचिकित्सकांनी ती औरंगाबादला मोकळी करून दिली. दोन बोटे मात्र वाचवता आली नाहीत. पाय ऊबदार झाल्यावर ताईंनी स्वतः हात लावून खात्री केली आणि मगच मला म्हणाल्या, “आता लावा.” या वेळी तुकडे धरले. पाच महिन्यांनी कासमभाई दवाखान्याच्या फाटकात जीप घेऊन आले आणि हॉर्न वाजवत बसले. ताई बाहेर येऊन क्लचवरचा पाय पाहीपर्यंत ते खाली उतरायला तयार नव्हते. त्या दिवशी मला उमगले. कासमभाईंच्या फिल्म मी पेटीतच राहू दिल्या असत्या, तर त्यांचा पायही गेला असता.

एक वैयक्तिक ऋणही नोंदवायला हवे. माझी आई शेवटचे वर्ष अंथरुणावर होती. ताई कामावर येण्याआधी रोज सकाळी आमच्या घरी यायच्या, आईला कुशीवर वळवायच्या, पाठीला तेल लावायच्या आणि गावातल्या गोष्टी सांगायच्या. वर्षभर अंथरुणाला खिळूनही आईच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, “तुमच्या घरची म्हून न्हाई करत. जखम होऊ न देनं हे मिटवण्याहून सोपं असतं.”

निवृत्तीनंतर ताई घरी बसल्या नाहीत. आज आसपासच्या गावांतल्या सात-आठ मुली त्यांच्याकडे ड्रेसिंग शिकायला येतात. कुणी शेतमजुरांच्या, कुणी शिक्षकांच्या घरच्या. ताई त्यांना पहिला महिनाभर पट्टीला हातच लावू देत नाहीत. नुसते पाहायचे आणि फिल्मवर गिरवायचे. त्यांतली एक आता जालन्यात परिचारिका आहे. माझी मुलगी पुण्यात मूलपेशींवरच संशोधन करते. प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांचा थर जखमेवर लावण्याचे तिचे काम आहे. सुट्टीत ती घरी येते ती आधी ताईंच्या ओसरीवर जाते. दोघींचे बोलणे मी लांबून ऐकतो. मुलगी म्हणते, “ताई, पेशी काचेत छान वाढतात, जखमेवर टिकत नाहीत.” ताई विचारतात, “जखम आधी बघितली का, का नुसत्या पेशीच बघून राह्यलीस?” मागच्या खेपेला माझ्या मुलीने वहीत ते वाक्य लिहून घेतलेले मी पाहिले. आज जे तिच्या प्रयोगशाळेत अर्धेमुर्धे जमते, ते आणखी काही वर्षांत घनसावंगीसारख्या ठिकाणी सहज होईल, असे मला मनापासून वाटते. ते होईल तेव्हा त्यामागे मोठमोठ्या नावांबरोबर पट्टी न ओढणारे दोन हातही असतील.

ताई, आज तुमच्या साठीला जमलेले हे सगळे लोक तुम्हांला दीर्घायुष्य चिंतणार आहेत. ते तुम्हांला मिळेलच, तुमच्या आई नव्वदीत आहेत आणि अजून स्वतःचे पाणी स्वतः भरतात. माझे मागणे जरा वेगळे आहे. तुमचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटेपाशी उभे राहून ते झिजले, हे मला माहीत आहे. ऑपरेशन करून घ्या म्हणून मी दोन वर्षे मागे लागलो आहे आणि तुम्ही “बघू, पुढल्या साली” म्हणता. गेल्या आठवड्यात मी पुन्हा विषय काढला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच विचारलेत, “किती दिवसांनी चालता येतंय?” मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी उभे करतात. मग म्हणालात, “पोरींचा हा वर्ग सरू द्या. मंग जाऊ.”

ताई, मी ते होकार म्हणून धरले आहे. त्या दुसऱ्या दिवशी खाटेपाशी मी उभा असेन. या वेळी खांदा माझा असेल, हात तुमचा. तुम्ही खूप वर्षे जगावे, आणि ती सगळी वर्षे आमच्या पुढे चालत जगावे.